कारखान्यातली क्वालिटी आणि शिक्षण : पुणे परिसरातले मालक, सुपरवायझर आणि कामगार नेहमी विचारतात ते प्रश्न

भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या वर्कशॉपमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक मशिनिंगची आहेत, कारण इथे तेच काम जास्त चालतं. प्रेसशॉप, वेल्डिंग किंवा असेंब्ली असणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

शिक्षणाने क्वालिटी सुधारते असं सगळेच म्हणतात. शॉपफ्लोअरवर नेमकं काय बदलतं?

मशीनपाशी घेतले जाणारे निर्णय बदलतात. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कटिंग टोक) आत्ता बदलायचा की अजून थोडे जॉब काढायचे, क्लॅम्पखाली चिप अडकली आहे का, कटिंगचा आवाज बदलला तो कशामुळे, हा जॉब बाजूला ठेवायचा की पुढे जाऊ द्यायचा, असे कितीतरी निर्णय ऑपरेटर एका शिफ्टमध्ये घेतो. त्यातला एकही ड्रॉइंगवर लिहिलेला नसतो आणि त्या वेळी क्वालिटीचा माणूस शेजारी उभा नसतो.

एकाच शाफ्टवर दोन व्यास असतात. एकावर बेअरिंग बसणार असतं, दुसरा नुसता मोकळा असतो. ज्याला हे माहीत आहे तो बेअरिंगच्या जागेवर जीव ओतून काम करतो आणि दुसरीकडे वेळ घालवत नाही. ज्याला फक्त दोन आकडे दिलेत, त्याला दोन्ही सारखेच. मग दिवसाच्या शेवटी थकवा आला की चूक नेमकी कुठे होईल, हे नशिबावर.

म्हणून या पानावर शिक्षण म्हणजे प्रमाणपत्र असा अर्थ धरलेला नाही. मशीनवरच्या माणसाला नीट मोजता येणं, ड्रॉइंग वाचता येणं, मापातला चढउतार कशामुळे होतो हे समजणं, आणि हे समजल्यावर मशीन थांबवायची मोकळीक असणं, हे सगळं त्यात आलं.

सीएनसी मशीन आहे. प्रोग्रॅम ठरलेला आहे. मग माणूस कितीही शिकला तरी काय फरक पडणार?

मशीन सांगितलेल्या जागी टूल नेऊन उभं करतं. टूल किती झिजलं, जॉब किती तापला, हे बहुतेक वर्कशॉपमधल्या मशीनला कळत नाही.

तापण्याचं उदाहरण नीट पाहू, कारण एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हा त्रास हमखास होतो. लांबी-व्यासाची मापं जगभर २० अंश सेल्सिअस तापमानाला धरली जातात. पोलादाचा १ मीटरचा तुकडा एका अंशाने तापला की साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतो. आता १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब मशीनवरून काढला तेव्हा तो मायक्रोमीटरपेक्षा आणि मास्टरपेक्षा (माप जुळवायच्या प्रमाण तुकड्यापेक्षा) १५ अंशांनी गरम आहे असं धरा. तो जवळजवळ १७ मायक्रॉन मोठा दिसेल. या व्यासाला एच-सिक्स दर्जाची टॉलरन्स (मापातली मान्य सूट) असेल तर एकूण जागाच २२ मायक्रॉनची. म्हणजे ऑपरेटरने गरम जॉब मोजला, मोठा वाटला म्हणून ऑफसेट (टूलच्या जागेची मशीनला दिलेली दुरुस्ती) कमी केला, आणि संध्याकाळी थंड झालेला माल अंडरसाइज निघाला. प्रोग्रॅम बरोबर, मशीन बरोबर, मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशनसुद्धा बरोबर. मोजणाऱ्याने जॉब आणि मास्टर एकाच तापमानाला येऊ दिले नाहीत, एवढंच.

हे अर्ध्या तासात शिकवता येतं. तरीही अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं कुणी सांगितलेलं नसतं आणि उन्हाळ्यातलं रिजेक्शन मशीनच्या नावावर लिहिलं जातं.

आमचा ऑपरेटर फार काळजीवाहू आहे. प्रत्येक जॉब मोजतो आणि लगेच ऑफसेट देतो. तरी मापं जास्त का हलतात?

त्याच्या काळजीमुळेच. कोणतीही प्रक्रिया थोडी हलतेच. जॉब एखाद-दोन मायक्रॉन वर आला की तेवढं खाली सेटिंग करायचं, खाली आला की वर, असं प्रत्येक जॉबला केलं तर चढउतार कमी होण्याऐवजी वाढतो.

तोंडी सांगून हे पटत नाही, म्हणून वर्गात ल्युडोचे दोन फासे घेऊन करून दाखवावं. फाशांची बेरीज म्हणजे जॉबचं माप आणि ७ हे टार्गेट, असं ठरवा. पहिल्या फेरीत नुसते फासे टाकायचे आणि आकडे लिहायचे. काहीही केलं तरी उत्तर २ ते १२ यांच्यातच येतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फेकीनंतर 'ऑफसेट' द्यायचा : ९ आले तर सेटिंग दोनने खाली, ४ आले तर तीनने वर. हा ऑफसेट पुढच्या बेरजेत मिळवायचा आणि आलेल्या मापावरून पुन्हा ऑफसेट द्यायचा. आता आकडे उणे ३ पासून १७ पर्यंत कुठेही जाऊ शकतात. गणितात सांगायचं तर व्हेरिअन्स (चढउताराचं माप) बरोबर दुप्पट होतो, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतं.

कागदावर दोन्ही फेऱ्या शेजारी शेजारी काढल्या की वीस-वीस वर्षं मशीन चालवलेली माणसं गप्प होऊन त्या आलेखाकडे बघतात. कारण आजवर त्यांनी जे मन लावून केलं, त्यानेच माल बिघडत होता. इथे शिकवणाऱ्याने फार जपून बोलायला हवं. चूक त्या माणसाची नाही. कधी हात लावायचा आणि कधी नाही हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. कंट्रोल चार्ट याच प्रश्नाचं उत्तर देतो. पाच जॉबची सरासरी चार्टवर आखलेल्या मर्यादेच्या आत इकडेतिकडे होत असेल तर सेटिंगला हात लावायचा नाही. मर्यादेबाहेर गेली किंवा सलग एकाच दिशेने सरकत राहिली, तर थांबून कारण शोधायचं. टूल झिजत असेल तर ते सरकणं चार्टवर स्पष्ट दिसतं आणि मग दिलेला ऑफसेट योग्य ठरतो.

एवढं करण्यापेक्षा शेवटी कडक तपासणी लावली तर भागत नाही का?

माल पाठवायच्या आधी काही काळ लावावी लागते, त्याला इलाज नाही. पण तपासणीने वाईट जॉब चांगला होत नाही. फक्त तो कुठे सापडला ते ठरतं. शिवाय दिवसभर एकसारखे जॉब बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून काही निसटतातच, मग तो कितीही प्रामाणिक असो. तपासणीवरचा पगार दर महिन्याला जातो, शिकवण्याचा बराचसा खर्च सुरुवातीला एकदा होतो.

हे सगळं जपानी पद्धतींचं वेड आहे का?

मुळं फक्त जपानमध्ये नाहीत. पहिला कंट्रोल चार्ट अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानच्या इंजिनियरांना आणि कंपनीप्रमुखांना हेच शिकवलं. जपानचं वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. त्यांनी हे ज्ञान इंजिनियरांपाशी अडवून ठेवलं नाही. १९५६ मध्ये फोरमन लोकांसाठी रेडिओवरून क्वालिटी कंट्रोलचे धडे सुरू केले, आणि १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने कामगारांची क्वालिटी सर्कल्स (क्वालिटीचे प्रश्न सोडवणारे छोटे गट) उभी राहिली. पॅरेटो, फिशबोन, हिस्टोग्राम ही दोष आणि त्यांची कारणं शोधायची आकृत्यांची साधनं मशीनवरच्या माणसाच्या हातात गेली.

आपल्याकडेही हा विषय नवा नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात येऊन गेले. जपानी क्वालिटीतज्ज्ञ गेनिची तागुची १९५४-५५ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. १९९८ मध्ये सुंदरम क्लेटनला डेमिंग प्राइझ (जपानचा क्वालिटीचा पुरस्कार) मिळालं, ते मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी. ज्ञान इथे होतं. ते लेथपर्यंत पोचायला फार वेळ लागला, आणि छोट्या वर्कशॉपमध्ये अजून पुरतं पोचलेलं नाही याचं वाईट वाटतं.

आयटीआय करून आलेल्या मुलांना काम येत नाही. ही तक्रार खरी नाही का?

अर्धी खरी आहे. काही संस्थांमधली मशीन जुनी आहेत, प्रात्यक्षिकाला सामान कमी पडतं, आणि मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याने सीएनसीवर पुरेसे हात चालवलेले नसतात. हे सुधारायलाच हवं.

पण उरलेली अर्धी बाजू मालकांनी ऐकावी. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे असतात, वेल्डर एक वर्षाचा. त्या काळात मुलगा तुमच्या जॉबसाठी तयार होत नाही, ट्रेडसाठी तयार होतो. फिटरच्या मुलांकडून करून घेतलेल्या फाइलिंगला अनेक जण हसतात. एकदा नीट बघा : मुलगा पट्टीला कानस मारतो, राइट अँगल (गुण्या) लावून ती उजेडासमोर धरतो, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा कानस मारतो. सपाटपणा आणि काटकोन म्हणजे काय हे हातातून डोक्यात शिरायला याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. पुढे ड्रॉइंगवर फ्लॅटनेसचं चिन्ह दिसतं तेव्हा त्याला ती फट आठवते.

खरी अडचण पहिल्या महिन्यात होते. मुलगा सोमवारी येतो, त्याला एखाद्या मामांच्या शेजारी उभं करतात आणि सांगतात, "बघून शीक." मामा उत्तम कारागीर असतात, पण शिकवायचं कसं हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं, वर त्यांचं प्रॉडक्शन टार्गेट तेवढंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कारखान्यांत नवशिक्यांची रांग लागली तेव्हा यासाठी एक साधी पद्धत बसवली गेली आणि युद्धानंतर ती जपानमध्येही गेली. माणसाला आधी तयार करा, म्हणजे त्याला काय येतं ते विचारा आणि भीती घालवा. मग काम दाखवा, आणि प्रत्येक महत्त्वाच्या जागी कारण सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना तीच कारणं त्याला बोलायला लावा. शेवटी एकटं सोडा, पण अधूनमधून जाऊन बघा. मुलगा तोंडाने सांगतो, "क्लॅम्प करायच्या आधी सीट पुसायची, नाहीतर चिपमुळे जॉब तिरका बसेल," तेव्हा शिकवणं पूर्ण झालं असं समजावं. नुसती मान हलवली तर नाही.

अप्रेंटिस घेणं छोट्या कंपनीला झेपतं का?

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार, आज लागू असलेल्या नियमांत, ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि यात कंत्राटी माणसंही मोजली जातात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय अप्रेंटिस प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. झेपतं. फक्त त्याला स्वस्तातला हेल्पर समजून वर्षभर ट्रॉली ओढायला लावलं तर पैसेही वाया आणि मुलाचं वर्षही.

कंत्राटी मुलं काही महिन्यांत निघून जातात. त्यांना शिकवून काय उपयोग?

मग माल कोण बनवतंय ते बघा. शिफ्टमधल्या निम्म्या मशीनवर कंत्राटी मुलं असतील, तर तुमच्या कस्टमरकडे जाणारा निम्मा माल त्यांच्या हातचा आहे. मुलगा सहा महिन्यांनी जाईल हे खरं, पण त्या सहा महिन्यांत त्याने काढलेला प्रत्येक जॉब तुमच्या नावाने जातो.

त्यांच्यासाठी लांबलचक वर्ग नकोत. त्यांच्या एका ऑपरेशनपुरता एक कागद, फोटोसकट, आणि पहिले दोन दिवस शेजारी एक जाणता माणूस. चांगला जॉब आणि वाईट जॉब दोन्ही मशीनजवळ टांगलेले, वाईटावर लाल रंग. मुलं मराठवाड्यातली असोत, विदर्भातली की बिहार-ओडिशातली, खरा जॉब हातात घेऊन बघितला की सगळ्यांना कळतो. शिवाय ज्या ठिकाणी शिकायला मिळतं तिथे मुलं जास्त टिकतात, हेही इथल्या बऱ्याच सुपरवायझरांनी पाहिलेलं आहे.

सूचना मराठीत लिहाव्यात का? ड्रॉइंग तर इंग्रजीतच असतं.

लिहाव्यातच. ज्या भाषेत माणूस घरी बोलतो त्या भाषेत कारण सांगितलं की ते लवकर बसतं. ऑफसेट, बोअर, चॅम्फर, बर हे शब्द तसेच राहू द्या, ते सगळ्यांचे झालेत. वाक्य मराठी असावं. जिथे हिंदी बोलणारी मुलं आहेत तिथे हिंदीतही.

ड्रॉइंगचं मात्र वेगळं शिक्षण लागतं आणि त्यात भाषेपेक्षा मोठा धोका आहे. आपल्या भारतीय मानकात आणि युरोपात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात, अमेरिकेत थर्ड अँगल. ड्रॉइंगवर दृश्यं मांडायच्या या दोन पद्धती. आयटीआयमध्ये मुलगा फर्स्ट अँगलवर शिकलेला असतो. अमेरिकन कस्टमरचं ड्रॉइंग आलं आणि कोपऱ्यातलं छाटलेल्या शंकूचं चिन्ह कुणी बघितलं नाही, तर उजवीकडचं दृश्य डावीकडचं समजलं जातं. भोकं, खाचा सगळ्या मापात, फक्त आरशातल्यासारख्या उलट्या बाजूला. असा लॉट तपासणीतही पास होऊ शकतो, कारण तपासणाऱ्यानेही ड्रॉइंग तसंच वाचलेलं असतं. नवीन ड्रॉइंग हातात आलं की आधी ते चिन्ह, मग रिव्हिजन नंबर, मग मापं : हा क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पाडा.

आयएटीएफच्या (वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाच्या) ऑडिटसाठी आमचे ट्रेनिंग रेकॉर्ड अगदी चोख आहेत. तेवढं पुरेसं नाही का?

आयएसओ ९००१ आणि आयएटीएफ १६९४९ दोन्ही क्षमतेबद्दल विचारतात. हजेरीची सही म्हणजे क्षमता नव्हे. 'गेज वापरण्याचं प्रशिक्षण दिले' अशी नोंद असलेल्या माणसाला मशीनपाशी एक जॉब द्या आणि मोजायला सांगा. दहा मिनिटांत खरं काय ते कळेल. स्किल मॅट्रिक्समधले (कुणाला काय किती येतं त्या तक्त्यातले) चार चतकोर असेच हातात जॉब देऊन भरावेत, केबिनमध्ये बसून नाही.

आठ-दहा मशीनचं वर्कशॉप आहे. सुरुवात कुठून करू?

मोजण्यापासून. दहा जॉब घ्या, त्यांना नंबर द्या. तीन माणसांना प्रत्येक जॉब दोनदा मोजायला सांगा, क्रम बदलून आणि आधीचा आकडा न दाखवता. आकडे शेजारी लिहा. एकच माणूस एकाच जॉबची दोन मापं सांगतो, आणि तीन माणसांत तर टॉलरन्सच्या निम्म्याएवढा फरक निघतो, असं पहिल्यांदा बहुतेक ठिकाणी दिसतं. हाच अभ्यास पद्धतशीर केला की त्याला गेज आर अँड आर म्हणतात. मोजण्यातला फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० टक्क्यांच्या वर असेल तर ती मोजणी वापरण्याजोगी नाही. जोवर मोजमापच डळमळीत आहे तोवर कंट्रोल चार्ट, सीपीके (प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती नीट बसते त्याचा आकडा) वगैरे सगळं वाळूवर बांधल्यासारखं.

मोजणं सुधारलं की एकच जॉब, एकच माप निवडा. ज्याचं रिजेक्शन सगळ्यात जास्त आहे ते. त्यावर चार्ट लावा आणि महिनाभर त्याच्याशीच राहा. एकदम सगळ्या मशीनवर फाइव्ह एस, कायझेन, सिक्स सिग्मा सुरू करणाऱ्यांचे बोर्ड दिवाळीपर्यंत टिकतात.

खर्च वसूल होतो हे कसं दाखवायचं?

स्वतःच्या आकड्यांनी. समजा शिफ्टला ४०० जॉब, ३ टक्के रिजेक्शन, जॉबची किंमत १८० रुपये. शिफ्टला १२ जॉब म्हणजे २,१६० रुपये. दोन शिफ्ट, महिन्याचे २५ दिवस धरले तर १,०८,००० रुपये. भंगाराचे थोडे परत येतात, पण मशीनचा गेलेला वेळ परत येत नाही. रिजेक्शन निम्म्यावर आलं तर महिन्याला ५४,००० वाचतात. हे गणित ऑपरेटरलाही दाखवा. त्यांच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

शिकवून तयार केलेला माणूस दुसरीकडे गेला तर?

काही जाणारच. भोसरीतली कितीतरी वर्कशॉप मोठ्या कंपन्यांमध्ये शिकून बाहेर पडलेल्या माणसांनी उभी केली आहेत, आणि आज तीच त्या कंपन्यांना माल पुरवतात. पगार आणि मान नीट दिला तर जाणारे कमी होतात.

प्रशिक्षण झालं, चार्ट लावले, तरी रिजेक्शन हललं नाही. का?

एक गोष्ट तपासा : माप बिघडताना दिसलं तर ऑपरेटर मशीन थांबवू शकतो का? थांबवलं तर सुपरवायझर आधी काय विचारतो? "काय दिसलं?" की "किती नंबर कमी पडले?" दुसरा प्रश्न येत असेल तर ऑपरेटर लवकरच न बघायला शिकतो, चार्टवर संध्याकाळी एकदम सगळे ठिपके भरतो, आणि ते ठिपके सुंदर मधल्या रेषेवर येतात. डेमिंग यांनी आपल्या चौदा मुद्द्यांत प्रशिक्षणाइतकाच भीती घालवण्यावर भर दिला, तो याचसाठी. आधी सुपरवायझरांना शिकवा. आणि त्यांच्याआधी, शक्य असेल तर, मालकाने स्वतः एक दिवस चार्ट भरावा.

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, दहावीनंतर थेट मशीनवर लागलो. आता एसपीसी (कंट्रोल चार्ट वापरून प्रक्रिया ताब्यात ठेवण्याची पद्धत) शिकता येईल का?

नक्की येईल. चार्ट भरायला लागणारं गणित एवढंच : पाच मापांची बेरीज करून पाचने भागायचं, आणि सगळ्यात मोठ्या मापातून सगळ्यात लहान वजा करायचं. मर्यादा काढायचे गुणक तक्त्यात छापलेले असतात. मशीनचा आवाज, चिपचा रंग, टूल कधी बोलायला लागतं हे तुम्हाला आधीच माहीत आहे. चार्ट वाचताना त्याचाच उपयोग होतो आणि नव्या इंजिनियरकडे नेमकं तेच नसतं. प्रमाणपत्र हवं असेल तर अनुभवावरून कौशल्य तपासून मान्यता देण्याची सरकारी सोय आहे, तिची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करा. घरातला मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड करत असेल, तर त्यांना पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हेही सांगून ठेवा. टर्नर आणि मशिनिस्टला मुलीही येतात.

तुमची सुरुवात उद्याच्या शिफ्टला करता येईल. एक वही घ्या, तासाला पाच सलग जॉब थंड होऊ देऊन मोजा, मापं आहेत तशी लिहा, आणि टूल बदललं, कूलंट भरलं, लाइट गेली की शेजारी वेळ टाका.